तेहतीस नंबरची नळी

ग्लेनिसने गोठवलेल्या रक्ताची तेहतीस नंबरची नळी मुठीत धरून वितळवली. बाकीच्या रॅकवर आपापल्या वितळत होत्या. हिला मात्र तिने हाताची ऊब दिली.

आज नव्या यंत्राची परीक्षा होती. गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी असली की रक्तात प्रतिपिंडं वाढतात. जुन्या यंत्राने मोजलेले चाळीस नमुने नव्यात घालून आकडे जुळतात का, ते पाहायचं. नमुने कमी पडले की कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलवायचं, ही ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावच्या या प्रयोगशाळेची जुनी रीत. सुई टोचून घ्या, वर बिस्किट खा. तेहतीस नंबर ग्लेनिसच्या नवऱ्याचा, डार्सीचा. गेल्या नोव्हेंबरातल्या वादळाने पराग उधळले, आणि कुंपण दुरुस्त करता करता त्याचा श्वास कोंडला. वीस मिनिटांत सगळं आटोपलं.

"ही वगळू या," कीरन म्हणाला. तो तिचा साहेब, वयाने मुलासारखा. "एकोणचाळिसांवर भागेल."

"नको. घाल."

नव्या यंत्राने जुन्याला खोटं पाडावं, एवढंच तिला हवं होतं. जुन्याने डार्सीचा आकडा अगदी कमी दाखवला होता. तो ऐकून जेवताना तिनेच त्याला झापलं होतं, "नाक गळतं म्हणून कुणी मरत नाही. डॉक्टर कसला? आधी कुंपण बघ!" तो हसला होता. श्वासाचा पंप घरात कधी आलाच नाही.

यंत्र थांबलं.

"जुनं शून्य पूर्णांक नऊ, नवं शून्य पूर्णांक नऊ," कीरन वाचत गेला. "तंतोतंत! ग्लेनिस, बघ तरी—" मग आपण कुणाचा आकडा वाचतोय ते त्याच्या ध्यानात आलं.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "यंत्र पास."

तिला रडावंसं वाटत होतं, पण ती संगणकापाशी जाऊन बसली. घरच्यांच्या नमुन्यांना अहवाल नसतो, आकडा तोंडीच सांगतात. तिने अहवाल काढला आणि नावाच्या जागी 'डार्सी' लिहिलं. खालची ओळ आपोआप उमटली. बावीस वर्षं प्रत्येक अहवालाखाली ती हीच ओळ तपासून पाठवत आली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"कुणाला पाठवायचाय?" कीरनने हळूच विचारलं.

"कुणाला नाही. घरी नेते."

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर, समोरच्या खुर्चीकडे बघत, तिने ती ओळ मोठ्याने वाचली.

"आकडा कमी म्हणजे धोका कमी, असे नाही. डॉक्टरांना अवश्य दाखवा."