निळ्याच्या जागी गुलाबी

अग्निशमन केंद्राच्या प्रमुखांचा फोन आला तेव्हा रंग कंपनीतले विक्रीचे साहेब नुकता चहा घेऊन बसले होते. प्रमुख शांतपणे म्हणाले, "आम्ही निळा मागवला होता, तुम्ही गुलाबी पाठवलात. आम्ही सगळे आग विझवायला गेलो होतो. परत येईपर्यंत रंगाऱ्यानं दोन भिंती रंगवूनही टाकल्या."

साहेबांनी कॉम्प्युटरवर ऑर्डर उघडली. निळाच होता. त्यांनी कारखान्यात फोन लावला. तिथल्या सुपरवायझरनं आपल्याकडे तीच ऑर्डर उघडली, तर गुलाबी. दोघंही आपापल्या जागी खरे, त्यामुळे दोघांचाही आवाज चढला. शेवटी दोघांनीही एकाच व्यक्तीला हाक मारली: बारकीला.

बारकी ऑफिसात सगळ्यांत उंच होती. माहेरी शेंडेफळ म्हणून पडलेलं हे नाव तिच्या नणंदेनं ऑफिसात आणलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. विक्रीचा प्रोग्राम वेगळा, कारखान्याचा वेगळा. इकडची ऑर्डर उचलून तिकडे पोचवणारा मधला प्रोग्राम म्हणजे कनेक्टर, आणि तो सांभाळणं हे बारकीचं काम. तो नीट चालत असला की त्याची कुणाला आठवणही येत नसे.

तिनं आधी कनेक्टर बंद करून पुन्हा चालू केला, कारण तेवढं केल्याशिवाय तिला पुढचं सुचत नसे. मग त्याच्या नोंदी वाचल्या. एकही चूक नोंदलेली नव्हती.

"म्हणजे हा बिनघोर आहे," ती पुटपुटली. "घोळ घालतोय आणि त्याला पत्ताच नाही."

मग तिनं स्वतःच एक खोटी ऑर्डर टाकली आणि तिच्या मागोमाग निघाली. विक्रीतून बाहेर पडताना रंगाचं नाव होतं 'पहाटे खिडकीतून दिसणारा निळा'. कारखान्यात पोचलं ते 'पहाटे खिडकीतून दिसणारा' एवढंच. तिकडच्या प्रोग्राममध्ये नावाला जागा कमी, म्हणून कनेक्टरनं मावेल तेवढं कोंबलं आणि बाकीचं छाटून टाकलं. पहाटे खिडकीतून दिसणारे रंग तीन होते: गुलाबी, निळा आणि राखाडी. कारखान्यानं आपला पहिला उचलला.

बारकीला हसू आलं आणि लगेच मावळलंही. कारण रंगांना नावं देण्याचं काम होतं तिच्या वन्संचं, म्हणजे त्याच नणंदेचं. वन्सं घरात वरच्या मजल्यावर राहायच्या आणि त्यांना विचारल्याशिवाय खालचा पडदासुद्धा बदलत नसे. एकेका रंगाचं नाव त्या भाचीचं नाव ठेवावं तितक्या जिवापाड ठेवायच्या.

तिनं आणखी खोदलं. जुने रंग नावावर जातच नव्हते, नंबरावर जात होते. या नव्या तिघांना नंबरच टाकलेला नव्हता, म्हणून कनेक्टर नावावर भागवत होता.

साहेबांनी अर्धंच ऐकलं. "सोपं आहे. नावं छोटी करा. निळा एक, निळा दोन."

वन्सं दारातच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "मग मला कशाला ठेवलंय? मोजता तर सगळ्यांनाच येतं."

"नावं आहेत तशीच राहू देत, साहेब," बारकी घाईनं म्हणाली. मग दाराकडे वळली. "वन्सं, नंबराचा रकाना रिकामा राहिलाय."

"कुठला रकाना?"

"नावाच्या खालचा."

"तो भरायचा असतो होय? मला वाटलं शोभेला आहे."

साहेबांना ठसका लागला. बारकी बोलणी खायच्या तयारीत होती, पण वन्संनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसल्या. "दाखव कसा भरायचा ते."

वन्संनी निळ्याला आणि गुलाबीला नंबर दिले. तेवढ्यात बारकीनं कनेक्टरला शिकवून ठेवलं, की नंबर नसेल तर ऑर्डर पुढे न्यायची नाही, अडवायची आणि सांगायचं. राखाडीची ऑर्डर टाकून पाहिली. ती जागीच थांबली आणि पडद्यावर आलं, 'रंगाला नंबर नाही'.

"आता कसा बोलायला लागला," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी राखाडीलाही नंबर दिला.

निळे डबे त्याच दिवशी निघाले. पुढं प्रमुखांचा फोन आला, की बाकीच्या भिंती झकास निळ्या झाल्या, पण विश्रांतीच्या खोलीतल्या त्या दोन गुलाबी भिंतींना कुणी ब्रश लावू देत नाही. ड्युटी संपवून आलेल्या माणसांना तिथंच झोप चांगली लागते म्हणे.

वन्संना राहवेना. सुट्टीच्या दिवशी त्या बारकीला घेऊन केंद्रात गेल्या. प्रमुखांनी खोली उघडून दिली. भिंतीशी एक माणूस गाढ झोपला होता, म्हणून सगळे कुजबुजत होते. वन्संनी भिंतीवरून तळवा फिरवला, डोकं तिरकं करून पाहिलं.

"रंग छान आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण बारके, रंगाऱ्यानं दुसरा हात मारलेला नाही."