आश्रुबांचे उपास

मंगळवारी सकाळी स्वप्नालीनं सासऱ्याचं बोट टोचलं, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि यंत्र सासूपुढं धरलं. भामाबाई तुळशीला पाणी घालून नुकत्याच आत आल्या होत्या. आदल्या सकाळी होता त्याच्या जवळजवळ दुप्पट आकडा होता.

"आत्या, उपास केला की साखर उतराया पायजे ना?" स्वप्नाली हळू म्हणाली. "मामांची उपासाच्या दुसऱ्या दिवशीच कशी चढती?"

ओसरीवरून आश्रुबा म्हणाले, "यंत्र बिघडलंय तुजं. सेल बदल त्याचा."

भामाबाईंनी यंत्र परत दिलं आणि देवापुढं वात लावायला बसल्या. यंत्रात काही बिघाड नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. कालचा सोमवार त्यांच्या डोळ्यांसमोर होता. सकाळी साबुदाण्याची खिचडी, वरून दही. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. तोंडी लावायला बटाट्याचे पापड. चहाच्या वेळी राजगिऱ्याचे लाडू, आणि दिवेलागणीला गुळात शिजवलेली रताळी. देवाच्या नावानं एवढं सगळं एका माणसाच्या पोटात गेलं होतं.

पायावर सूज आली म्हणून उन्हाळ्यात आश्रुबांना माजलगावला नेलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि भामाबाईंकडे बघूनच बोलले. बाई, ह्यांच्या किडन्या निम्म्यावर आल्यात. मीठ आवरा, साखर आवरा, पिठाचं मोजून द्या. तेवढं केलं तर आहे ते टिकेल. नाही केलं तर डायलिसिसच्या मशीनवर यावं लागेल, आणि ते मग जन्माचं.

परत येताना जीपमध्ये भामाबाईंनी महादेवाला एवढंच मागितलं होतं, की ह्यांना मशीन लागू देऊ नको.

स्वप्नालीनं घरी येताच चूल हातात घेतली. तीन भाकरींच्या जागी एक. मेथी नाहीतर शेपू ताटभर, मटकीची उसळ, ताकात मीठ नाही, लोणच्याची बरणी माळ्यावर. आश्रुबांनी थोडे दिवस सोसलं. मग एके दिवशी ताट पुढं ढकललं.

"मेंढरामागं हिंडत व्हतो तवा पाच भाकरी खायचो. तवा न्हाई झाली साखर?"

"तवा तुमी दिवसभर चालत व्हता, मामा."

ते खरं होतं. धरणाचं पाणी आलं, सगळीकडं ऊस झाला, मेंढरं चारायला रान उरलं नाही. कळप विकला त्या दिवसापासून आश्रुबा ओसरीवर बसले ते बसलेच.

"दावणीच्या बैलालाबी कोनी मोजून घालत न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा फाटला. भामाबाईंना त्यांची दया आली.

पुढच्याच सोमवारी आश्रुबांनी जाहीर केलं, "मीबी आजपासून सोमवार धरतो."

भामाबाईंचा ऊर भरून आला होता. लग्न झाल्यापासून त्या ह्याच माणसाच्या आयुष्यासाठी सोमवार करत होत्या. दिवसभरात कपभर दूध, आणि संध्याकाळी दिवा लागल्यावर एक भाकर. कधी देवळाची पायरी न चढलेला नवरा आज आपल्या जोडीनं उपास धरतो म्हणाला, त्यांना वाटलं महादेवानं ऐकलं. उपासाच्या दिवशी सुनेच्या हातचं चालत नाही, म्हणून त्यांनी स्वतः खिचडी केली. "मीठ किती घातलं, आत्या?" असं स्वप्नालीनं दारातून विचारलं, तर आश्रुबाच बोलले.

"उपासाला मीठ चालत न्हाई, बाई. सैंधव हाय ते."

"सैंधवबी मीठच की, मामा. आन् साबुदाणा पोटात गेला की साखरच व्हते त्याची."

"देवाचं हाय. देवाच्या खाण्यानं कोनाला काय झालंय?"

सोमवारामागं गुरुवार आला. मग चतुर्थी, दोन्ही एकादश्या, आणि शनिवारही. गावात लोक आश्रुबांना हात जोडायला लागले. आणि रविवारी रात्री अंथरुणावर पडता पडता आश्रुबा विचारायचे, "उद्या भगर हाय का खिचडी?" देवाचं नाव त्यानंतर घ्यायचे. भामाबाईंना तिथंच सगळं उमगलं होतं.

त्या मंगळवारच्या आकड्यानंतर जो गुरुवार आला, त्या दिवशी त्यांनी आश्रुबांपुढं कपभर दूध आणि एक पेरू ठेवला.

"एवढंच?"

"माजा उपास असाच असतो."

आश्रुबा दूध प्यायले आणि पेरूला हात न लावता बाहेर पडले. तासाभरानं शेजारची छबुबाई दारात उभी.

"भामाबाई, उपासाच्या माणसाला रिकाम्या पोटी बाहेर पाठवती व्हय तू? माज्याकडं खिचडी खाल्ली त्यांनी. मला पुण्य लागलं, पर तुला काय म्हनावं?"

"त्यांना खिचडी मना हाय, छबुबाई."

"उपासाचं मना? असलं काय सांगतो डाक्टर? का सून सांगती?"

त्यानंतर गल्लीत पाळीच लागली. उपासकऱ्याला फराळ घालण्यासारखं पुण्य नाही, आणि उपासकरी स्वतःहून दारात येतोय म्हटल्यावर कोण सोडतं? घरात भामाबाई एक पेरू ठेवायच्या, बाहेर चार घरं ताट वाढून वाट पाहायची. वर बोलणं असं, की सून म्हाताऱ्याला अळणी घालून मारायला बसलीय. स्वप्नाली नळावर जाईनाशी झाली. आश्रुबांच्या पायाला चप्पल येईनाशी झाली.

भामाबाईंनी विचार केला. देवाच्या नावानं धरलंय, तर देवाच्याच दारात सुटलं पाहिजे. उद्यापन केलं की उपास सुटतो, मग कोणी फराळाला बोलावणार नाही. महादेवाच्या देवळात पोथी सांगणाऱ्या रामहरी महाराजांकडं त्या गेल्या आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं.

महाराजांनी डोळे मिटून ऐकलं. "माय, बरोबर हाय तुमचं. शरीर राखणं हाबी धर्मच हाय. उद्यापन करा, मी चारचौघात सांगतो आश्रुबांना. म्हनतो, देवाला पोचलं, आता पुरे."

भामाबाईंना त्या रात्री शांत झोप लागली.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी देवळात उद्यापन झालं. बायांनी घराघरातून चुरमा केला होता, तूप-गुळाचा. भामाबाईंनी नवऱ्याच्या पानात चिमूटभर ठेवला, छबुबाईनं येऊन ओंजळभर टाकला. महाराज उठले. भामाबाई पदर सावरून पुढं सरकल्या.

"आश्रुबांसारखा तपस्वी ह्या गावात झाला न्हाई," महाराज म्हणाले. "अंगात दुखणं, पायाला सूज, तरी उपास मोडला न्हाई! आजकालची पोरं घ्या, एक एकादशी निभत न्हाई." माणसांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांचा चेहरा फुलला, आणि ते बोलतच राहिले. ठरलेलं वाक्य काही येईना.

आश्रुबा हात जोडून उभे राहिले. "महाराज, आज्ञा द्या. उद्यापन झालं, आता जलमभरासाठी धरतो."

महाराजांनी एकदा भामाबाईंकडं पाहिलं. मग लोकांकडं पाहिलं. आणि आपल्या गळ्यातला हार काढून आश्रुबांच्या गळ्यात घातला.

भामाबाई उभ्या राहिल्या. देवळात त्या कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, आजही आवाज चढला नाही. "महाराज, ह्यांचा उपास न्हाई. उपासाच्या दिवशी हे रोजच्या दुप्पट जेवतेत. डाक्टर म्हनतो, असंच चाललं तर मशीनीवर जातील. तुमाला मी सांगितलं व्हतं."

लोक आश्रुबांकडं वळले. मग आश्रुबा हसले. "हिला माजं पुण्य बघवत न्हाई. इतकी वर्सं घरात एकलीच देवाची व्हती ना."

देऊळ हसलं. बाया तोंडावर पदर घेऊन हसल्या. महाराजांनी खाली मान घालून अंगारा काढला.

पुढच्या सोमवारी भामाबाईंनी नेहमीसारखं तुळशीला पाणी घातलं, देवापुढं दिवा लावला. हात जोडून बराच वेळ बसल्या. मग चुलीपाशी येऊन म्हणाल्या, "स्वप्नाली, मला भाकर वाढ."

"आत्या, सोमवार हाय."

"वाढ."

त्या ओसरीवर आश्रुबांच्या समोर येऊन बसल्या. भाकर मोडली, उसळीत बुडवली, तोंडात घातली. आश्रुबा छबुबाईकडं निघायच्या बेतात होते. ते थांबले.

"हे काय करती? तुजा उपास हाय आज."

"सोडला."

"कावून?"

"तुमच्या आयुष्यासाठी धरला व्हता. तुमाला नको असंल, तर मी कोनासाठी उपाशी राहू?"

आश्रुबांचं तोंड उतरलं. दवाखान्यात डॉक्टरांचं बोलणं ऐकतानाही ते असे दिसले नव्हते. ते भिंतीला धरून परत खाली बसले. "आसं करू नको, भामे. तुज्या सोमवारावरच तर मी निभलो. तू सोडलास तर मग माजं कोन हाय?"

"मग आज हितंच बसा. ह्यातली अर्धी भाकर खावा माज्यासंगं. पुढच्या सोमवारपासून परत धरते."

त्यांनी ताटाकडं पाहिलं. भाकर, मटकी, कांद्याची फोड. त्यांनी हात उचललाही होता. तेवढ्यात बोळातून छबुबाईची हाक आली, "आश्रुबा, गार व्हतीय बरं का खिचडी!"

हात गुडघ्यावर टेकला. आश्रुबा कण्हत उठले, चौकटीला धरून पायरी उतरले आणि सुजलेली पावलं फाकून टाकत, अनवाणीच बोळात गेले.

दारामागं उभी स्वप्नाली डोळे पुसत होती. समोरची भाकर भामाबाईंनी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.