खंडेनवमीचं रिव्हॉल्वर

"तुला जमायचं नाही," हे आप्पाजींचं रघुनंदनशी बोलण्यातलं पहिलं वाक्य असे आणि बहुतेक वेळा शेवटचंही. रघुनंदन पन्नाशी उलटलेला इंजिनियर, हाताखाली माणसं. पण आप्पाजींच्या मल्लेश्वरमच्या घरात शिरला की मान खाली. बापाने एकदा तरी शाब्बास म्हणावं म्हणून जीव टाकायचा, वेडा कुठला!

आप्पाजींकडे एक जुनं रिव्हॉल्वर होतं. खंडेनवमीला ते पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, समईतलं तेल चोपडायचं की पुन्हा कपाटात. घराण्यात पूर्वी तलवारीची पूजा व्हायची, तशीच याची. रघु आठवीत गणितात नापास झाला तेव्हा आप्पाजींनी तेच त्याच्या कपाळावर रोखलं होतं. पोराची चड्डी ओली झाली. ही गोष्ट त्यांनी पुढे प्रत्येक मुंजीत, प्रत्येक बारशाला रंगवून सांगितली. अहो, रघुच्या लग्नातसुद्धा सांगितली, सुनेच्या माहेरच्या माणसांसमोर!

ऐंशीनंतर हात कापायला लागले, परवाना पुढे मिळेना. आप्पाजींनी रिव्हॉल्वर कल्लाप्पांच्या बंदुकांच्या दुकानात विकायला दिलं. रघुने भीत भीत मागितलं, तर म्हणाले, "परवाना काढ आणि गिऱ्हाईक म्हणून विकत घे. फुकट मिळायला तू असे काय दिवे लावलेस?" रघुने खेटे घालून घालून खरंच परवाना काढला. आणि आज आप्पाजी काठी टेकत बरोबर आले होते, मजा बघायला.

कल्लाप्पा मूळचे बेळगावकडचे, मराठी छान बोलायचे, मधूनच एखादा कानडी शब्द टाकायचे. त्यांनी काउंटरवर दोन वापरलेली रिव्हॉल्वरं ठेवली, एक आप्पाजींचं आणि एक कुणा निवृत्त अधिकाऱ्याचं.

"पहिल्यांदाच घेताय ना, अण्णा? मग एक ऐका. भरलेलं असो, रिकामं असो, माणसाकडे त्याचं तोंड करायचं नाही. तसं करणाऱ्याला मी माल देत नाही. सरी?"

"सरी," रघु म्हणाला.

"एक फडकं आणून ठेवा हो कल्लाप्पा," आप्पाजी खुर्चीतून म्हणाले. "आमच्या चिरंजीवांना लागतं."

रघुचे कान तापले. त्याने मुकाट्याने आप्पाजींचं रिव्हॉल्वर उचललं. गोळ्यांची चक्री उघडायला गेला तर ती हलेना. कल्लाप्पांनी अंगठ्याने रेटली तेव्हा कुठे सुटली. आत सगळी राड! समईच्या तेलाचा वाळून डिंक झालेला, त्यात वर्षानुवर्षांचं कुंकू. बॅटरी लावून नळीत पाहिलं तर गंजाचे खड्डे.

"हे उडवलं कधी होतं?" कल्लाप्पांनी विचारलं.

"उडवायची वेळच आली नाही," आप्पाजी मिशीला हात लावून म्हणाले. "दाखवलं की पुरायचं."

कल्लाप्पांनी भिंग लावलं. मग थोडे ओशाळून म्हणाले, "उडालंच नसतं, आप्पाजी. गोळीवर आपटणारी पिनच कुणीतरी घासून काढलीय. घासलेल्या जागी जुना गंज आहे. तुम्ही घेतलंत तेव्हापासूनच हे असं असणार. घेताना स्वल्प उघडून नाही बघितलंत?"

आप्पाजींचा मिशीवरचा हात खाली आला. त्यांनी आणलं होतं ते थेट देवापुढे ठेवलं होतं. शस्त्राची पूजा करायची की तपासणी?

रघुला आधी कळेना, मग एकदम कळलं. ज्या लोखंडाला तो जन्मभर भ्याला, झोपेत दचकून उठला, ते मेलेलंच होतं. त्याला हसू फुटलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

"काय हे आप्पाजी, एक वस्तू बघून घ्यायची, तेवढंही तुम्हाला जमलं नाही? आता पुढच्या मुंजीत ही गोष्ट मी सांगेन हं. कल्लाप्पा, घाला ते भंगारात."

आप्पाजींची हनुवटी थरथरायला लागली. तोंडातल्या तोंडात ते "अरे, असू दे" असं काहीसं म्हणाले. इथे थांबायला हवं होतं. पण इतक्या वर्षांचं साठलेलं, असं थोडंच थांबतंय!

रघुने दुसरं उचललं. चक्री उघडून सगळी घरं रिकामी असल्याचं पाहिलं, नळी पाहिली, चक्री बंद केली. सगळं परवान्याच्या वेळी शिकवल्याबरहुकूम. मग वळला आणि आप्पाजींच्या कपाळावर रोखून चाप ओढला.

खट्.

आप्पाजींची काठी पडली. दोन्ही हात डोळ्यांपुढे गेले आणि घशातून लहान मुलासारखा आवाज आला. कल्लाप्पांनी झडप घालून रघुचं मनगट पिरगाळलं, रिव्हॉल्वर काढून घेतलं.

"उठा! चालते व्हा दोघंही! तुमच्यासारख्याला मी साधा चाकूही विकणार नाही."

रघु पांढराफटक पडला. आपण काय केलं हे त्याला बापाच्या तोंडाकडे बघून कळत होतं. त्याने काठी उचलून पुढे केली. ती आप्पाजींच्या गुडघ्याला लागली.

आप्पाजींनी डोळ्यांवरचे हात काढले. मुलाकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला.

"शाब्बास!" ते म्हणाले. "बघितलंत, कल्लाप्पा? आता शोभला माझा मुलगा."

कल्लाप्पांनी तोंड फिरवलं. आप्पाजींनी काठी घेतली नाही. रघुच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याच्या आधाराने पायऱ्या उतरायला लागले. असा हात त्यांनी कधी टाकला नव्हता. आणि त्या करंट्याला, काय सांगू, बरं वाटलं.