पन्नीच्या दोरीची बाज

मी बाज बोलतेय. बाज कसली, आता नुसता सांगाडा उरलाय. बाभळीचे चार पाय, चार दांडे, मधे काहीच नाही. पण बोलायला दोरी लागत नाही, आणि आज मला बोलायलाच हवं.

हदगावच्या पलीकडं एका खेड्यात माझा जन्म झाला. बांधावरची बाभूळ वाऱ्यानं पडली, ती लिंबाजीच्या बापानं तासली नि माझे पाय केले. अंगावर दोरी होती अंबाडीची. पाण्यात कुजवायची, झोडपायची, मग ढेऱ्यावर पिळायची. ढेरा म्हणजे लाकडाची एक फुली. ती गरगर फिरवली की दोरीला पीळ बसतो. लिंबाजी लहानपणापासून ढेरा फिरवायला शिकला. त्याच्या हातची दोरी बैलानं ओढली तरी तुटत नसे, असं गाव म्हणायचं. बापाला फार अभिमान होता त्याचा. मलाही होता.

लिंबाजीची बायको पंचफुला. तिला माहेर असं उरलंच नव्हतं, म्हणून तिचं बाळंतपण सासरीच झालं, आणि रेणुका झाल्यावर ती महिनाभर माझ्यावर निजली. आमच्याकडं बाळंतिणीला शेकतात. घमेल्यात निखारे घ्यायचे, वर चिमूटभर ओवा टाकायचा आणि घमेलं बाजेखाली सरकवायचं. दार लावून घ्यायचं, वारा लागू द्यायचा नाही. खालून ऊब यायची, अंबाडी तापून खरपूस वास सुटायचा, आणि मायलेकी माझ्या कुशीत अशा गाढ झोपायच्या की बस. माझ्या साऱ्या आयुष्यातलं मला आवडलेलं काम कुठलं म्हणाल, तर ते.

पुढं अंबाडी पेरायचीच बंद झाली. जिकडंतिकडं कापूस नि सोयाबीन. दोरी हवी तर बाजारात नायलॉनची मिळायची. माझी दोरी उसवली, कुजली, आणि मला उचलून गोठ्याच्या भिंतीला उभं केलं. कोंबड्या माझ्या दांड्यावर बसायच्या नि जे करायचं ते करायच्या. बरीच वर्षं माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. माणसाला जुन्या वस्तूची आठवण येते ती घरी पाहुणे आले की!

मग एक दिवस लिंबाजीची शेळी मेली. पोट फुगून, तडफडून. डॉक्टरनं पोट फाडलं तर आतून पन्न्यांचा हा एवढा गोळा निघाला. पन्नी म्हणजे तुमची ती कॅरीबॅग. बाजारातून भाजीबरोबर येते, मिठाईबरोबर येते, औषधांबरोबर येते, आणि मग उकिरड्यावर, ओढ्यात, बाभळीच्या काट्यांवर फडफडत राहते. पंचफुला त्या शेळीसाठी दोन दिवस जेवली नाही. लिंबाजी तिसऱ्या दिवशी पोतं घेऊन ओढ्यात उतरला नि पन्न्या गोळा करायला लागला.

"लिंबाजीआप्पा, पन्नीचं दुकान टाकून राहिलाव का काय?" पोरं चिडवायची.

"हाव, टाकून राहिलो. तुझ्या लग्नात आहेर द्यायला लागल ना," हा म्हणायचा आणि वाकून पुढची पन्नी उचलायचा.

पंचफुला पन्न्या टोपल्यात धुवायची, दोरीवर वाळत घालायची. मग लिंबाजी कात्रीनं एकेक पन्नी गोल गोल कापत जायचा, लांबच लांब पट्टी निघायची. ती ढेऱ्याला लावून पिळायची. पट्टी संपली की दुसरी जोडायची, आणि जोड सुटू नये म्हणून आगपेटीची काडी ओढून तिथं जरासा चटका द्यायचा. पन्नी वितळून चिकटायची. त्याचा एक घाण, घशात बसणारा वास यायचा. दिवसभर तेच काम, त्यामुळं त्याच्या बोटांना, सदऱ्याला, मिशांनासुद्धा तोच वास.

"आवं, हात धुवा आधी. ताटाला पन्नीचा वास लागून राहिला," पंचफुला रोज ओरडायची.

"कुठं वास येऊन राहिला? मला तर न्हाई येत," तो म्हणायचा. खरंच सांगायचा बिचारा. त्याच्या नाकाला त्या वासाची सवय झाली होती.

आणि अहो, काय दोरी झाली ती! गुळगुळीत, चिवट, पाण्याला न भिणारी. अंबाडीच्याही वरताण. आधी त्यानं दावी केली, मग पिशव्या, मग बायकांना बसायला बसकरं. गावातल्या बुद्धविहारात त्याच्या हातची मोठी सतरंजी अंथरली तेव्हा सगळे वाकून वाकून बघत होते की ही सुताची आहे का कशाची.

तेवढ्यात किनवटकडून, सासरहून, रेणुकाचा फोन आला. तिला दिवस गेले होते. बाळंतपणाला ती माहेरीच येणार होती.

"बाबा, गोठ्यातली ती जुनी बाज हाय ना, ती विनून ठेवा माझ्यासाठी," ती म्हणाली. "मी जिच्यावर शेकले, माझं लेकरू बी तिच्यावरच शेकीन."

लिंबाजीनं मला गोठ्यातून काढलं, घासलं, तेल पाजलं. औषधाच्या दुकानातल्या निळ्या पन्न्या, कापडवाल्याच्या पांढऱ्या, दानम्माच्या किराणा दुकानातल्या काळ्या, असं वेचून वेचून त्यानं मला विणलं. निळ्यात पांढरी चौकट, कडेनं काळी किनार. माझ्या उभ्या जन्मात मी एवढी देखणी कधी नव्हते. गाव बघायला आलं. दानम्मा तर माझ्यावर बसून हसायलाच लागली. "माझ्याच दुकानातल्या पन्न्या की रे ह्या! मलाबी एक बाज कर, लिंबाजी. माझी सून बी पोटुशी हाय." त्यानं तिलाही विणून दिली, आणखी दोघातिघांनाही दिल्या.

आता नीट ऐका, कारण चूक इथंच झाली. दोरी इतकी दोरीसारखी झाली की ती पन्नीची आहे हे लोक विसरून गेले. कौतुक करताना सगळ्यांना आठवायचं, वापरताना कुणालाच नाही. माझ्यावर वाकळ टाकली, उशी ठेवली, की मी आपली बाज. आजवर बाजेला जे केलं तेच माझ्याबरोबर करायचं, यात विचार कसला करायचा?

थंडीत रेणुका बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आली नि माझ्यावर येऊन निजली. पोर काय हलकी होती! पण आईच्या अंगाला चिकटून झोपायची, ते वजन मला वेगळं कळायचं. पहिले काही दिवस पंचफुलेनं नुसतं फडकं तापवून शेकलं. मग थंडी वाढली. रेणुका कण्हायला लागली, "माय, कंबर लई दुखून राहिली गं."

बाळाला न्हाऊ घालायला शेजारची भामाबाई यायची. गावातली निम्मी लेकरं तिच्याच पायांवर न्हालेली. ती पंचफुलेला म्हणाली, "फडक्यानं काय व्हतंय? बाजेखाली घमेलं सरकव की. तुला नव्हतं का शेकलं, ह्याच बाजेवर?"

"हाव की," पंचफुला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जुनी आठवण आली नि ती हसली. मी तिचं ते हसू पाहिलंय, म्हणून तिला कुणी बोल लावला की मला सोसत नाही.

भामाबाई घरी गेली. पंचफुलेनं चुलीतले निखारे घमेल्यात काढले, ओवा टाकला, घमेलं माझ्याखाली सरकवलं. "नीज आता जरा, मी बाळुती धुऊन येते," म्हणाली आणि खिडकीला पोतं लावून, दार ओढून बाहेर गेली. रेणुका डोळे मिटून पडली. पोर तिच्या पोटाशी.

आधी ऊब आली. तीच जुनी ऊब. मलाही क्षणभर बरं वाटलं हो! मग माझी मधली दोरी मऊ झाली. अंबाडी तापली की ताठ व्हायची, ही लोळायला लागली. एक थेंब निखाऱ्यावर पडला नि चर्र झालं. मग दुसरा. धूर निघाला, तो घाण, घशात बसणारा वास घेऊन. मी काय ओरडणार? माझे पाय कुरकुरतात तेवढाच माझा आवाज. तेवढा मी केला.

दाराच्या पलीकडं लिंबाजी ओट्यावर बसून दोरी पिळत होता. धूर फटीतून त्याच्यापर्यंत गेला. त्यानं मान वर केली. मग स्वतःची बोटं नाकाशी नेली, हुंगली, आणि पुन्हा ढेरा फिरवायला लागला.

त्याला वाटलं, वास आपल्याच हाताचा आहे.

मग दोऱ्या तुटल्या. मधल्या सगळ्या एकदम. रेणुका जागी झाली ती खाली जातानाच. पाय पायथ्याच्या उरलेल्या दोऱ्यांत अडकले, पाठ घमेल्यात. तिनं काय केलं ठाऊक आहे? लेकराला दोन्ही हातांनी वर धरलं. अगदी वर. दांड्याला धरून ती निघू शकली असती हो, मी तिला धरायला दिला असता दांडा. पण दोन्ही हात लेकराला लागले होते. वितळलेली दोरी तिच्या पाठीला चिकटत होती आणि ती किंचाळत होती, "बाबा, हिला घ्या! आधी हिला घ्या!"

लिंबाजीनं दार ढकललं. आधी लेकरू घेतलं, कारण तिनं तेच पुढं केलं होतं. मग तिला.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात रेणुका दहाबारा दिवस होती. नवरा धम्मानंद तिच्या पायथ्याशी बसून असायचा. ती परत आली नाही. विहारात पुण्यानुमोदन झालं, लिंबाजीच्याच हातच्या त्या सतरंजीवर. जो तो पंचफुलेला विचारी, कसं झालं? ती एकच सांगे, "मीच घमेलं सरकावलं." आणि लिंबाजी तिला मधेच थांबवून म्हणे, "मला वास आला व्हता. मला वाटलं, माझ्याच हाताचा हाय."

दोघंही एकमेकांना बोलापासून वाचवायला बघत होते. दोघंही वाचले नाहीत.

पंचफुला मला जाळायला निघाली होती. लिंबाजीनं अडवलं. त्यानं माझ्या अंगावरची जळकी दोरी विळ्यानं कापून काढली, आणि मग तोच विळा घेऊन गावात निघाला. ज्या ज्या घरी त्याच्या हातच्या बाजा होत्या त्या कापून टाकायला. कुणी दिल्या. दानम्मानं नाही दिली.

"एवढी चांगली बाज, कशाला कापतोस?" ती म्हणाली. "आम्ही ध्यान ठेवू की. खाली विस्तव न्हाई ठेवणार."

"आमचं बी ध्यानच व्हतं, माय," लिंबाजी म्हणाला. तिनं तरी ऐकलं नाही. हा रोज जाऊन तिच्या ओट्यावर बसायचा. रोज हात हलवत परत यायचा. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते, आणि थंडी काही हटत नव्हती.

पोर इथंच आहे. धम्मानंद येतो, जवळ घेतो, रडतो, जातो. माझ्या मोकळ्या चौकटीत रेणुकाच्या हिरव्या लुगड्याची झोळी बांधलीय, तिच्यात ती झोपते. मला विणायचं नाव कुणी काढत नाही, आणि मलाही नको.

आज सकाळी दानम्मा लेकराला बघायला आली. तेवढ्यात पोर उठून रडायला लागली. लिंबाजी मोरीवर गेला, राखेनं हात घासले, धुतले, नाकाशी नेऊन हुंगले. परत घासले, परत हुंगले. पोर रडून रडून लाल झाली तरी तो तिला उचलेना.

"हे काय करून राहिलेत?" दानम्मानं हळूच विचारलं.

"वास गेला का बघून राहिलेत," पंचफुला म्हणाली. "ढेरा चुलीत घातला त्याला किती दिवस झाले. वास कवाच गेलाय. पण त्याह्यला येतो."

पंचफुलेनंच मग झोळीतून पोरीला उचललं. दानम्मा उठली, निघून गेली.

थोड्या वेळानं अंगणात धप्पकन आवाज झाला. दानम्मा नि तिचा मुलगा, दोघांनी बाज उचलून आणली होती. निळ्यात पांढरी चौकट, कडेनं काळी किनार. अगदी माझ्यासारखी, माझी बहीणच ती.

"काप, लिंबाजी," दानम्मा म्हणाली.

लिंबाजी आता कापतोय. मी बघतेय. एकेक दोरी सुटतेय, नि तिचा रंग पुन्हा पन्नीचा दिसायला लागलाय.

मी काही फार मागत नाही. पन्न्या गोळा करा, धुवा, पिशव्या विणा, बसकरं विणा. लिंबाजीचं मन त्यात वाईट नव्हतं. पण तुमच्या घरी अशी एखादी बाज असेल, नि थंडीत कुणी मायेनं निखाऱ्याचं घमेलं उचललं, तर हात जोडते, जरा थांबा. आधी वाकळ वर करा, आणि दोरी कशाची आहे ते बघा.