मापाचं पुस्तक

“पाचही बोटं मिटली ना? मग ठेव ते जागेवर. पुढच्या वर्षी तूच शोधत येशील त्याला,” ग्रंथालयाच्या बाई म्हणाल्या. पाचवीतल्या त्या मुलाने हिरमुसून जाडजूड पुस्तक परत कपाटात सरकवलं.

बाईंची ही पद्धत साऱ्या शाळेला पाठ होती. कुठलंही पान उघडायचं, मोठ्याने वाचायचं, शब्द अडला की एक बोट मिटायचं. मूठ वळली तर पुस्तक अजून आपलं नाही. एकही बोट मिटलं नाही तर तेही आपलं नाही, धाकट्या भावंडाचं. “चपला घेताना पायात घालून बघता की नाही? मग पुस्तकानेच काय तुमचं घोडं मारलंय?” बाई विचारायच्या. दारातून आत येणाऱ्या पोराला काय रुचेल हे त्या चेहऱ्यावरून ओळखत, पण सांगत मात्र नसत. ज्याचं त्याने शोधावं, हा त्यांचा हट्ट.

आज त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाचीचा वाढदिवस जवळ आला होता. बहिणीची नोकरी फिरतीची, म्हणून ती पोर तान्ही असल्यापासून यांच्याकडे वाढली. यांना मूलबाळ नव्हतं. पुढे बहीण एका गावी स्थिरावली आणि चार वर्षांच्या लेकीला घेऊन गेली. ज्याचं त्याच्याकडे गेलं, तक्रार कसली करायची? पण घर असं खायला उठलं, की बाई शाळा सुटल्यावरही ग्रंथालयातच रेंगाळू लागल्या. आता भाचीसुद्धा पाचवीत होती.

कपाटापाशी पुस्तकं चाळणाऱ्या दोन वेण्यांच्या मुलीला त्यांनी विचारलं, “तुझ्याएवढ्या मुलीला भेट द्यायचीय. कुठलं पुस्तक देऊ गं?”

“तिला काय आवडतं, बाई?”

“हत्ती. हत्तीचं चित्र आलं की पान उलटू द्यायची नाही. आणि गोष्टीत कुणी हरवलं की रडायला लागायची. मग मी घाईघाईने शेवट सांगून टाकायचे.”

“ते लहानपणीचं झालं. आता काय आवडतं?”

शाळेतल्या प्रत्येक पोराची नस बाईंना ठाऊक होती, आणि जिला मांडीवर घेऊन अक्षरं दाखवली, तिची आवड त्या भलत्याच मुलीला विचारत होत्या.

“तिलाच विचारा ना,” मुलगी सहज म्हणाली. “तुम्हीच म्हणता, ज्याचं त्याने निवडायचं.”

शाळा सुटली. शिपाईमामा खिडक्या लावू लागले तेव्हा बाईंनी धीर करून फोन लावला. बहीण इकडचं तिकडचं बोलली आणि तिने लेकीला हाक मारली.

“मावशी, बोल ना.” आवाज चांगला मोठ्या मुलीचा झाला होता.

“वाढदिवसाला पुस्तक पाठवतेय. कुठलं हवं?”

“काहीही चालेल.”

शाळेत कुणी असं म्हटलं असतं तर बाईंनी त्याला तास संपेपर्यंत कपाटासमोर उभं केलं असतं. इथे त्या स्वतःच सुचवू लागल्या. “हत्तीचं पाठवू?”

“हत्तीचं?” भाची हसली. “मला हत्ती आवडायचे?”

बाईंनी जपून ठेवलेली ती वर्षं पोरीच्या गावीही नव्हती. तिचा तरी काय दोष? त्या वयातलं कुणाला आठवतं?

“खूप आवडायचे,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आत्ता हाताशी कुठलं पुस्तक आहे? एक पान वाचून दाखव बघू. म्हणजे मला अंदाज येईल.”

भाचीने विज्ञानाचं पुस्तक उघडलं आणि पाण्याची वाफ कशी होते ते वाचू लागली. स्वच्छ, भराभर, कुठेही न अडखळता. बाईंचं शब्दांकडे लक्षच नव्हतं. त्या नुसता आवाज ऐकत होत्या. शिपाईमामा किल्ल्या घेऊन दारात येऊन उभे राहिले. बाईंनी हातानेच त्यांना थोडं थांबायला सांगितलं.

“झालं पान,” भाची म्हणाली. “कळलं का गं मावशी, कुठलं पाठवायचं ते?”

“नाही गं, अजून नीटसं नाही कळलं,” बाई म्हणाल्या. “पुढचं वाच.”