माझ्या हातचा कार्बोरेटर

पुतणी गाडी घेऊन आली तेव्हा मी ओट्याशी भांडी पुसत होते. वळणावरून आवाज आला आणि हातातलं झाकण निसटलं. छत्तीस वर्षांनी ऐकत होते. पण इंजिनाचं माणसासारखंच असतं, म्हातारं झालं तरी आवाजावरून ओळखू येतं.

गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसलेले आमचे हे ताठ झाले. त्यांना आता दिसत फारसं नाही, कान मात्र शाबूत आहेत.

"अगं," त्यांनी हाक मारली, "भिंगरीची गाडी."

भिंगरी म्हणजे माझे धाकटे दीर. एका जागी पाय ठरत नसे म्हणून घरात पडलेलं नाव. त्यांच्या मागे ती गाडी माझ्या जावेच्या माहेरी गेली आणि तिथल्या पडवीत ताडपत्रीखाली पडून राहिली. दोन वर्षांपूर्वी जाऊही गेली. आता त्यांच्या मुलीने गाडी दुरुस्त करून घेतली होती. वडील गेले तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

"काकू, सगळं नवीन टाकलं, रंग दिला, तरी वेगात ओढतच नाही," ती हेल्मेट काढत म्हणाली. "साठपर्यंत शहाण्यासारखी चालते. त्यापुढे रेस दिली की नुसती घुरघुरते. तीन मेकॅनिक झाले. प्रत्येक जण आधीच्याला गाढव म्हणतो."

"चौथीकडे आलीस, आता मीही गाढव ठरेन," मी म्हणाले. हसले की नाही, आठवत नाही.

आमच्या गॅरेजात कामं वाटलेली होती. इंजिनाचं पोट ह्यांचं, कार्बोरेटर माझा. माझी बोटं बारीक म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी मला तो उघडायला शिकवलं. शेजारणी म्हणायच्या, हिच्या हाताला स्वयंपाकाचा नाही, पेट्रोलचा वास येतो. आणि एक नियम होता, बऱ्याच भांडणांनंतर ठरलेला. एकाने बंद केलेलं दुसऱ्याने उघडायचं नाही. संशय आला तर विचारायचं, पण पाना लावायचा नाही. या नियमावर आमचा संसार सुखाने चालला, आणि या नियमानेच माझं पाप झाकलं.

भावजी गेले ते एका चढावर. ट्रकला ओलांडायला निघाले, समोरून बस आली. ट्रकवाला स्वतः घरी येऊन सांगून गेला, "माझ्या बरोबरीला आला होता हो. रेस पूर्ण दिली, पण गाडीनं ओढलंच नाही." आदल्या दिवशी दुपारी ह्यांनी त्या गाडीच्या इंजिनातले टॅपेट, झडपांची उघडझाप जुळवणारे, लावले होते. ट्रकवाल्याचं तेवढं वाक्य त्यांना जन्मभर पुरलं. "माझा हात चुकला," म्हणाले, आणि त्यानंतर कुठल्याही इंजिनाचं झाकण उघडलं नाही. पंक्चर, चेन, ब्रेक. एवढंच. तालुक्यात नाव असलेला माणूस टायरमधली हवा मोजत म्हातारा झाला.

टॅपेट त्यांनी लावले दुपारी. संध्याकाळी मी कार्बोरेटर उघडला होता. आत पितळेचं एक बारीकसं जेट असतं, पेन्सिलीच्या टोकाएवढं. रेस पूर्ण दिली की त्याच्या भोकातून पेट्रोल जातं. त्या गाडीला एकशेदहा नंबरचं लागतं. मी पंच्याऐंशीचं बसवलं. भोक लहान. हळू चालवली तर कळतसुद्धा नाही. वेगात गाडी उपाशी राहते. भावजी फार जोरात हाकायचे. वेग कमी झाला की धोका कमी होईल, एवढीच माझी अक्कल. वेग कधीकधी माणसाला वाचवतो, हे मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना ते म्हणाले होते, "वहिनी, गाडी जरा सुस्त वाटते. बघता का?"

"संध्याकाळी बघते," मी म्हणाले.

ती संध्याकाळ अजून संपलेली नाही. भरदुपारीसुद्धा ते गॅरेजच्या दाराशी उभे दिसतात, एक पाय पायरीवर ठेवून. रागावत नाहीत. तेवढंच विचारतात. पाण्याचा पंप सुरू झाला, मिक्सर फिरला, की आवाज वर चढताना मी श्वास धरते. कुठे अडखळेल, तिकडे कान.

आणि आता तीच गाडी अंगणात उभी होती.

"काढायचं का काम?" पुतणी म्हणाली. ती दातांची डॉक्टर. "तुमचं-माझं काम एकच, काकू. किडकं कुठे आहे ते शोधायचं. फक्त माझ्याकडे खुर्चीत बसलेला आरडाओरडा करतो."

मला उत्तर ठाऊक होतं, तरी मी रीतीने गेले. दुसरं काही निघावं अशी आशा होती, खोटं कशाला बोलू? टाकीचं झाकण सैल सोडून तिला मोठ्या रस्त्याला चक्कर मारायला लावली; हवेचं छिद्र बुजलं असेल तर फरक पडतो. पडला नाही. पेट्रोलची नळी काढून बाटलीत धरली. धार जाड होती. एअर फिल्टर कोरा. प्लग काढला तर टोक पांढरंफटक, उपाशी इंजिनाचं असतं तसं.

"पांढरा?" ह्यांनी खुर्चीतून विचारलं.

"पांढरा."

"आता तिला म्हणावं, गाडी अडखळली की चोक थोडा ओढ."

ती गेली. दूरवरून आम्ही दोघं ऐकत होतो. आवाज चढला, घसा बसलेल्या माणसासारखा घोगरा झाला, आणि मग एकदम मोकळा होऊन वर गेला. ह्यांची बोटं खुर्चीच्या हातावर थांबली. चोक ओढला की हवा कमी, पेट्रोल जास्त; त्याने सुधारते, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. आणि टॅपेट चुकलेली गाडी चोकने सुधारत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.



मी कार्बोरेटर उतरवला. खालची वाटी सोडवली, जेट फिरवून तळहातावर घेतलं. तिन्ही मेकॅनिकांनी ते फुंकून, पुसून परत बसवलं असणार. भोक मोकळं दिसलं की त्यावरचा नंबर कोण वाचतो? शेजारच्या डब्यात एकशेदहाचं नवं जेट होतं. बसवायला दोन मिनिटं लागली असती. गाडी पळाली असती, पोर खूश झाली असती. आणि हे, माझे हे, आपल्याच हाताला दोष देत गेले असते.

मी जेट पुतणीच्या हातात ठेवलं. "माझे डोळे गेले बाई. नंबर वाच."

तिने ते उजेडात धरलं. "आठ... पाच. पंच्याऐंशी."

"पंच्याऐंशी?" हे उठून उभे राहिले. "या गाडीला एकशेदहा लागतं. कुणी घातलं हे?"

"मी," मी म्हणाले. "तुम्ही टॅपेट लावलेत त्याच संध्याकाळी. भावजी जोरात जाऊ नयेत म्हणून."

पुतणीला अर्थ कळायला वेळ लागला. आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या पितळेच्या तुकड्याकडे.

"म्हणजे बाबा..."

"हो."

"काकू, हे तुमच्या डोक्यात कुठून आलं? कुणी सांगितलं होतं का?"

त्या संध्याकाळी माझी जाऊ स्वयंपाकघरात आली होती. सातवा महिना. माझं मनगट धरून म्हणाली, "ताई, तुम्हाला येतं ना, मग त्यांचा वेग तेवढा कमी करा. मला फार भीती वाटते. पण कुणाला बोलू नका." भावजी गेल्यावर ती माहेरी गेली आणि पुन्हा या घरात आली नाही. मला कधी दोष दिला नाही. माझ्या नजरेला नजर मात्र कधी दिली नाही. तेहतीस-चौतीस वर्षं तिनेही तो अडखळणारा आवाज ऐकला असणार.

"कुणी नाही," मी म्हणाले. "माझीच बुद्धी."

पुतणीने जेट कुर्त्याच्या खिशात टाकलं. हेल्मेट उचललं, पुन्हा ठेवलं. "गाडी इथेच राहू दे. आज मला तिच्यावर बसता येणार नाही," म्हणाली, आणि चालतच वळणापर्यंत गेली. मी हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार?

हे चाचपडत गाडीजवळ आले. हँडल, टाकी, मग खाली हात घालून इंजिनाचं झाकण हुडकलं. आतले टॅपेट आता दुसऱ्याच कुणीतरी लावलेले होते.

"माझे टॅपेट बरोबर होते?"

"बरोबर होते."

"तू तेव्हा ऐकले होतेस?"

"ऐकले होते. घड्याळासारखे चालत होते."

बराच वेळ ते झाकणावरून अंगठा फिरवत राहिले. मग माझ्या दिशेने न वळता त्यांनी हात मागे पसरला.

"चौदाचा पाना दे."

मी दिला. छत्तीस वर्षांनी त्यांनी तो झाकणाच्या बोल्टला लावला.

"आता तू आत जा," म्हणाले.