लालसिंग सरांचा चौथरा

कोकिळा उकिडवी बसली आणि चुन्याने आखलेल्या चौकोनातली माती हातांनी बाजूला सारू लागली. चार बोटं खाली काळं रबर लागलं. ओढणीच्या टोकाने तिने ते पुसलं. पाच कोपऱ्यांचं, एका बाजूने झिजलेलं. राजूरच्या खाणीत टाकून दिलेल्या, कोळसा वाहायच्या पट्ट्याचा तुकडा बापूंनी, तिच्या वडिलांनी, एसटीच्या टपावर घालून आणला होता आणि अंगणात बसून दोन दिवस करवतीने कापला होता. बेसबॉलची होम प्लेट. खेळाडू इथून धावत निघतो, आणि सगळं मैदान फिरून इथेच परत आला तर धाव मोजली जाते. या प्लेटमागे गुडघे दुमडून बसून चेंडू झेलायचं काम बापूंचं. राज्याच्या संघाकडून सहा वर्षं त्यांनी तेच केलं होतं.

"बघा," ती म्हणाली. "स्मारकाचा चौथरा बरोबर हिच्यावर येतोय."

गुलाम नबी मिस्त्रीने वाकून पाहिलं. टोपी मागे सरकवली.

"बाई, मले जागा दाखवली, मी चुना मारला. भगवानरावले इचारा."

"तीन आठवडे त्यांनाच विचारतेय."

"मंग मी त त्याहून लहान मानूस."

भगवानराव तेवढ्यात आलेच. माजी सरपंच, आणि आता लालसिंग राठोड स्मृती समितीचे अध्यक्ष. त्यांच्यामागे संघर्ष फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेऊन येत होता. बापूंच्या हाताखाली खेळून पोलिसात लागलेला. आज सुट्टी टाकून आला होता. दोघांनी फ्लेक्स उलगडला. 'क्रीडामहर्षी, समाजभूषण, थोर रक्तदाते.' खाली निवृत्तीच्या दिवशीचा, शाल पांघरलेला फोटो. कोकिळाने दोन पानं लिहून पाठवली होती. हजेरीच्या वहीत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे बापू त्याचा रक्तगट लिहीत. तांड्यावर, कोलामांच्या पोडावर कुणा सिकलसेलच्या लेकराला रक्त लागलं, की वही उघडून दोन खेळाडूंना यवतमाळच्या गाडीत बसवत आणि स्वतः तिसरे बसत. त्या दोन पानांतलं एक वाक्यही फ्लेक्सवर नव्हतं.

"काका, चौथरा थोडा सरकवा," ती उभी राहत म्हणाली. "इथे बांधला तर पोरी खेळणार कुठे?"

"खेळतील न. एवढं मोठं मैदान पडलं. चौथऱ्याच्या भोवताल खेळतील."

"बेसबॉल भोवताल नाही खेळता येत."

"मंग क्रिकेट खेळतील," भगवानराव म्हणाले, आणि संघर्षला हसू आलं. कोकिळाकडे पाहताच त्याने ते गिळलं.

"पोरी, तुह्या बापासाठीच करून राह्यलो न हे? रोडवरून दिसलं पाहिजे. कोपऱ्यात बांधलं त कोनाले दिसन?"

"त्यांना दिसायचं नव्हतं काका. मास्क घालून, खाली बसून खेळले ते."

भगवानरावांनी संघर्षकडे पाहिलं. शिकलेल्या लोकांशी कसं बोलावं, असं ते बघणं होतं.

"ताई, मी बोललो होतो," संघर्ष हळू म्हणाला. "पन फाईलमधी जागा फिक्स झाली म्हनतात. बदलली त पुन्यांदा सगळं फिरन. सरले जाऊन वर्स होऊन जाईन, अन् तुम्ही अमरावतीवरून किती चकरा माराल?"

"तू फाईल पाहिली?"

"मी कायले पाहू? मले कोन दाखवते?"

फाईल कुणीच पाहिली नव्हती. तिने तीन अर्ज दिले होते; एकाची पोच मिळाली होती. कचेरीतला बाबू म्हणाला होता, समितीकडून लिहून आणा. समिती म्हणाली, कचेरीतून लिहून आणा. प्रत्येकजण आधी हात जोडून सांगे, सर देवमाणूस होते, आणि मग पुढच्या माणसाकडे पाठवी.

घरी याडी, तिची आई, ओट्यावर बसून तूर निवडत होती. कोकिळाने बॅगेतून चौथा अर्ज काढला आणि उभ्याउभ्या वाचून दाखवला. मैदानाची मापं, एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं नव्वद फुटांचं अंतर, चौथऱ्यामुळे काय काय बंद पडेल ते. याडीने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"उद्या सकाळी भूमिपूजन आहे," कोकिळा म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत हा दिला तरच काही होईल."

"जेवून घे."

"याडी, तू ऐकलंस का?"

"ऐकलं. भाकर गार होऊन राह्यली."

कोकिळाने अर्जाची घडी घातली. बापू जाऊन पाच महिने झाले होते आणि या घरात त्यांच्या खेळाबद्दल एक शब्द निघाला नव्हता. ग्लोव्ह, मास्क, पायांचे पॅड, सगळं याडीने गाठोड्यात बांधून कोठीत ठेवलं होतं. खेळ आईचा नव्हताच, हे कोकिळाला लहानपणापासून माहीत होतं. ती न जेवताच कचेरीत गेली. बाबू घाटंजीच्या बाजाराला गेला होता.

सकाळी मैदानावर मांडव पडला. चौकोनाभोवती रांगोळी काढलेली होती, उघडं पडलेलं रबर कुणीतरी पुन्हा मातीने झाकलं होतं. पाहुणे उशिरा आले आणि त्यांना लगेच मारेगावला निघायचं होतं. तिघांची भाषणं झाली. एकाने बापूंना कबड्डीपटू म्हटलं. महाराजांनी कुदळीला हळदकुंकू लावलं, दांड्याला नाडा बांधला.

"पहिली कुदळ घरच्यायची," भगवानरावांनी माईकवर सांगितलं. "सरांची कन्या, कोकिळाताई."

कोकिळा जागची हलली नाही.

"ये न पोरी."

"मी नाही मारणार."

माईक चालू होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं. खुर्च्या करकरल्या. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. भगवानरावांचा चेहरा लाल झाला; त्यांनी माईक बाजूला धरला.

"आज तरी बापाची लाज राख."

"तीच राखतेय."

संघर्ष दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. भगवानरावांनी बायकांच्या रांगेकडे पाहिलं.

"वहिनी, मंग तुम्हीच या."

महाराज खाकरले. "त्यांच्या हातून... म्हणजे शुभकार्य आहे..."

"सरांच्या घरचं कोनी पाहिजे का नाही महाराज? साहेबाले जायचं हाय."

याडी उठली. पदर खोचला. कुदळ तिने शेतावर घेते तशी, मधोमध धरून उचलली. रांगोळीपाशी येऊन ती क्षणभर थांबली, आणि वळसा घालून पुढे गेली.

"वहिनी, इकडं! इकडं हाय जागा!"

ती चालत राहिली. चेंडू अडवायच्या जाळीच्या मागे, हातपंपाच्या अलीकडे, जिथे पोरी दप्तरं आणि चपला ठेवत तिथे ती थांबली. पायाने दोन खडे बाजूला केले. मग कुदळ डोक्यावर नेऊन घातली. एकदा, दोनदा, तीनदा. माती ओलसर होती, ढेकूळ निघालं.

पाहुण्यांना यातलं काही कळलं नव्हतं. ते चपला सावरत तिच्यामागे गेले, सगळा मांडव त्यांच्यामागे. महाराजांनी सवयीने त्यांच्या हाती नारळ दिला. त्यांनी फोडला, पाणी खड्ड्यात सांडलं, फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. पाच मिनिटांत गाडी मारेगावच्या रस्त्याला लागली.

"अध्यक्षसाहेब," गुलाम नबी म्हणाला, "आता पाया कुठं खनू?"

भगवानराव खड्ड्याकडे बघत होते.

"नारळ फुटला तिथून आता जागा हालवता येते का?"

"अन् फाईल?" संघर्षने विचारलं.

"फाईलमधी काय हाय? मैदान लिहिलं हाय फक्त. हेबी मैदानच हाय."

कोकिळाने त्यांच्याकडे पाहिलं. पण भगवानराव तिच्याकडे बघतच नव्हते. ते याडीशी बोलत होते, आणि आवाजात राग कमी, कोडं जास्त होतं.

"वहिनी, इथंच काहून?"

"इथं बॉल आला त फाउल असते," याडी म्हणाली. "इथं कोनी खेळत नाही. पस्तीस वर्स खेळनाऱ्यायच्या पान्याची घागर घेऊन इथंच बसत होती मी."

"मंग आंधी सांगायचं न. एवढा घोळ झाला नसता."

"मले कोनं इचारलं?"

ती भगवानरावांनाच म्हणाली होती. त्यांच्याकडेच पाहत होती. कोकिळाच्या बॅगेत चौथा अर्ज तसाच होता. तिचा हात नकळत बॅगेच्या चेनवर गेला आणि तिथेच राहिला. मग तिने बॅग जमिनीवर ठेवली, पोरींच्या चपलांशेजारी, आणि आईच्या हातातली कुदळ घेतली.

"अजून किती खोल, याडी?" तिने विचारलं.